बाटलीवाल्या मॅडमची वही

हिंगोलीहून औंढ्याकडे जाणाऱ्या यस्टीत आमच्या मॅडमची पिशवी कधी खाली ठेवलेली कुणी पाहिली नाही. पिशवी मांडीवर, दोन्ही हात पिशवीवर. खड्डा आला की मॅडम सीटवरून वीतभर उडत, पण पिशवी हवेत धरल्यासारखी स्थिर राही. आत काचेच्या तीन बाटल्या असत. कंडक्टर नवा असला की हमखास विचारी, बाई, तूप आहे काय. मॅडम सांगत, पाणी आहे. एवढं जपून पाणी कुठं न्यायचं म्हणून त्याने विचारलं की म्हणत, "मोजायला." त्यानंतर तो माणूस पुढच्या सीटकडे वळे आणि औंढा येईपर्यंत मागे बघत नसे. त्या रस्त्यावर त्यांचं नाव बाटलीवाल्या मॅडम पडलं. नावात चेष्टा होती हे त्यांना कळत होतं, पण चेष्टेला उत्तर देण्यात वेळ घालवला तर मोजायचं कधी, असा त्यांचा हिशेब असावा.

मॅडम हिंगोलीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. औंढ्याच्या अलीकडे मोठा रस्ता सोडून आत चालत गेलं की एक पाझर तलाव लागतो. त्यातले डोळ्यांना न दिसणारे जीव त्या मोजत. पुस्तकात त्यांना प्राणिप्लवक म्हणतात. पाण्याच्या ओढीने तरंगत राहणारे, सुईच्या टोकावर मावतील असे. दर महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी नमुना आणायचा, सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचा, वहीत लिहायचा. कोण वाढलं, कोण घटलं, आणि का. "माणसांची खानेसुमारी दहा वर्षांनी होते," त्या म्हणत, "यांचा जन्म, बाळंतपण, मरण सगळं पंधरा दिवसांत उरकतं. एक महिना चुकला की दोन पिढ्यांची गाठ राहून जाते."

मी त्यांच्याकडे गेले ते नव्वदच्या दशकाच्या मध्यावर. मी तेव्हा चौतीस वर्षांची, ज्युनिअर कॉलेजात शिकवणारी, एका मुलीची आई, आणि स्वतःबद्दल फार उंच मत असलेली बाई. एम.फिल.ला नाव घातलं होतं आणि कपाळावर तसं गोंदून घ्यायचंच काय ते बाकी होतं. तळ्यावर पहिल्या दिवशी मी मोतिया रंगाची नायलॉनची साडी, टाचेच्या चपला आणि गॉगल असा सरंजाम करून गेले. त्या दिवसाचा एक फोटो आहे. माझी नात तो बघून विचारते, आजी, तू कुणाच्या लग्नाला चालली होतीस. काय सांगणार. काठावर पहिल्याच पावलाला टाच चिखलात गेली आणि मी गुडघ्यावर आले. मॅडमनी हात दिला नाही, कारण दोन्ही हातांत पाणी गाळायची जाळी होती. म्हणाल्या, "कुसुम, चपला काढून ठेवायची जागा ती बाभळीखाली." तेवढंच.

चपलांचा तिथे कायदाच होता. तळ्यात उतरायचं अनवाणी. तळ्यातून आल्यावर नमुन्याच्या बाटलीत फॉर्मलिन घालायचं, आणि मगच चपला पायात घालायच्या. फॉर्मलिन म्हणजे डोळे चुरचुरवणारं, नाकात झिणझिण्या आणणारं औषध. ते पडलं की जीव जागच्या जागी थांबतात, कुजत नाहीत, जसे पकडले तसे मोजता येतात. मॅडम सांगत की काम संपलं असं माणसाला चपला घातल्यावर वाटतं, म्हणून औषध त्याच्या आधी. मला हा प्रकार पोथीतल्या सोवळ्यासारखा वाटायचा. मनात म्हणायचे, मोठ्या शास्त्रज्ञ, आणि नेम असले.

तळ्यात आम्हाला नेत सोमलाभाऊ. काठावरच्या तांड्यातले, पन्नाशीचे, दोन एकर कापसाचे धनी. ट्रकच्या दोन फुगवलेल्या ट्यूबांवर बाज बांधून त्यांनी एक वाहन केलं होतं, आणि बांबूने ते ढकलत आम्हाला मधोमध नेत. मॅडमना ते मोठ्या बाई म्हणत आणि मला धाकल्या बाई. बाजेवर मी दोरी घट्ट धरून बसे आणि पोहता येत नसल्याचं कुणाला कळू नये म्हणून उगाच पाणकोंबड्यांबद्दल बोलत राही. सोमलाभाऊ ऐकून घेत आणि शेवटी म्हणत, "धाकल्या बाई, दोरी सोडा, तिला लागून राहिलं."

तिथेच मॅडमनी मला पाणपिसवांची गोष्ट सांगितली. पाणपिसू म्हणजे डाफ्निया, टिचक्या मारत चालल्यासारखी पोहणारी. पाणी चांगलं असलं, खायला मुबलक असलं, की तिथे सगळ्या माद्याच. माद्यांना माद्या होतात, नराची गरजच पडत नाही. मी विचारलं, मग नर असतात कशाला? मॅडम जाळी धूत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी आटायला लागलं, उपासमार दिसायला लागली, की मग नर जन्माला घालतात." मी हे घरी जेवताना नवऱ्याला सांगितलं. त्यांनी त्या दिवशी भाजीला नावं ठेवली नाहीत.

आता त्या वहीबद्दल. मोठी, आडवी, कापडी पुठ्ठ्याची. रकाने मॅडमनी पट्टीने आखलेले. तळ्यातल्या तीन जागा, प्रत्येक जातीचा आकडा, पाण्याचं तापमान, आणि अगदी शेवटी शेऱ्याचा रकाना. शेऱ्यात काय वाटेल ते असे. ‘वारा होता.’ ‘म्हशी उतरल्या होत्या.’ ‘तांड्यात लग्न, काठावर भांडी घासली.’ त्या दिवशी काय झालं ते पाण्याला ठाऊक असतं, मग वहीलाही ठाऊक पाहिजे, हे त्यांचं म्हणणं. आणि वहीत खाडाखोड नाही. चुकलं तर एक आडवी रेघ, खालचा आकडा वाचता येईल अशी. मी एकदा ब्लेडने खरवडायला गेले, तर त्यांनी माझं मनगट धरलं. "चूक वाचता आली पाहिजे."

हे त्यांच्यात कुठून आलं, ते त्यांनी एकदाच सांगितलं. त्या कुरुंद्याच्या बौद्ध वस्तीतल्या. वडील हळद शिजवायच्या कढईवर मजुरीला जात. शाळेत त्यांची गणिताची वही गुरुजी दोनदा तपासायचे, कारण पोरीला एवढं येतं यावर विश्वास बसत नसे. कॉलेजात लागल्यावरही फार फरक पडला नव्हता. "माझं लिहिलेलं लोक दोनदा बघतात," त्या म्हणाल्या, "म्हणून मी तीनदा बघते." तक्रारीचा सूर नव्हता. हळदीला किती उकळ्या लागतात हे सांगावं तसं.

माझ्या हातून जे झालं ते एका भाद्रपदात. मॅडमना परीक्षेचं काम लागलं आणि त्यांनी मला प्रथमच एकटीला पाठवलं. मी किती फुगले होते ते विचारू नका. तीन नमुने घेतले, लेबलं लावली, बाभळीखाली आले. नवीन चपला होत्या, आणि रस्त्यावर यस्टीचा भोंगा ऐकू आला. ती चुकली तर पुढची दोन तासांनी. मी चपला घातल्या आणि पळाले. यस्टीत बसल्यावर पिशवी मॅडमसारखी मांडीवर घेतली, हात मॅडमसारखे ठेवले, आणि खिडकीच्या काचेत आपण कशा दिसतो ते बघत हिंगोली गाठली. घरी पाहुणे होते. रविवार त्यांच्यात गेला. सोमवारी सकाळी पर्समध्ये रुमाल शोधताना हाताला फॉर्मलिनची कुपी लागली, बूच न उघडलेली.

 मी धावत बाटल्यांकडे गेले. पाणी गढूळ, वास आलेला. मी घाईघाईने तिन्हींत फॉर्मलिन ओतलं, हलवलं, आणि स्वतःला सांगितलं की दीड दिवसाने काय बिघडतंय.

बिघडतं ते असं. जाळीतून गाळलेलं पाणी म्हणजे सगळं तळं एका बाटलीत कोंबलेलं. त्यात एकडोळे सायक्लॉप्स असतात, ते शिकारी. आणि रोटिफर असतात, तोंडाशी चक्र फिरवणारे मऊ अंगाचे जीव. कोंडलेल्या बाटलीत सायक्लॉप्स रोटिफरांना खातात, उरलेले कुजून विरघळतात. मी पुस्तकात हे वाचलेलं होतं. परीक्षेत लिहिलंही होतं, आकृतीसह.

मॅडम मोजायला बसल्या. एक काचपट्टी झाली, दुसरी झाली. तिसरीला त्यांनी चष्मा पुसला. मागल्या महिन्यात रोटिफरांनी भरलेलं तळं, आणि आता शोधून सापडेनात. सायक्लॉप्स मात्र गरगरीत. त्यांनी मला विचारलं, "फॉर्मलिन वेळेवर घातलंस ना?"

"हो मॅडम. चपला घालायच्या आधी."

‘चपला घालायच्या आधी’ हे मी न विचारता जोडलं. खोटं बोलणाऱ्याला थोडी नक्षी लागतेच.

तिथेच थांबले असते तरी बरं. पण मॅडम अस्वस्थ झाल्या, तळ्यात काहीतरी घडलंय म्हणाल्या, तांड्यातली माणसं ते पाणी पितात म्हणाल्या, आणि माझी जीभ सुटली. मी म्हटलं, फवारणीचे दिवस आहेत, सोमलाभाऊंनी पंप तळ्यात धुतला असेल. मला वाटलं, एक कारण मिळालं की विषय मिटेल. वहीचं मागलं पान उघडून मॅडम म्हणाल्या, "फवारणीच्या औषधाने आधी पाणपिसवा मरतात. मग सायक्लॉप्स. रोटिफर टिकतात. इथे उलटं आहे." मी भिंतीवरच्या बेडकाच्या तक्त्याकडे बघत राहिले. तो बेडूक मला अजून पाठ आहे.

पुढच्या शनिवारी त्या मुद्दाम तळ्यावर गेल्या, मलाही नेलं. त्यांनी सोमलाभाऊंवर आळ घेतला नाही. पंप कुठे धुता, एवढंच विचारलं. पण सोमलाभाऊंना अर्थ बरोबर पोचला. हातातला बांबू त्यांनी बाजेला टेकवला.

"बाई, दवा मारून राहिलो हे खरं. पर पंप हिरीवर धुतो. ह्या तळ्याचं पानी आमची लेकरं पितेत. तुमाला ह्याच पान्यातून नेतो, त्यात म्या जहर काहून कालवीन?"

मॅडम म्हणाल्या, तसं नाही भाऊ. पण त्या दिवशी सोमलाभाऊंनी आम्हाला परत आणलं तेव्हा माझ्या दोरीची चेष्टा केली नाही. त्यांच्या घरून चहा येत असे, तो आला नाही. परतीच्या यस्टीत मॅडम म्हणाल्या की आपण त्या माणसाला दुखावलं, आज पाणी घेतलं तरी त्यात नवी पिढी आलेली, आणि मागचा आकडा अजून उलटाच आहे. ‘आपण’ म्हणाल्या. मला तो शब्द पायात काटा मोडावा तसा लागला.

त्यानंतर तीन आठवडे गेले. दिवाळीच्या आधी विद्यापीठात चर्चासत्र होतं आणि मॅडम तिथे तीन वर्षांचे आकडे मांडणार होत्या. पहिल्यांदाच त्यांना बोलावणं आलं होतं. आलेखात भाद्रपदाशी रेघ एकदम खाली पडत होती, आणि ती का पडली हे सांगण्यासाठी त्या रोज लायब्ररीत बसत, डोळे लाल करून परत येत. तिथे जमणाऱ्या मंडळींत मॅडमची वही दोनदा तपासणारे कितीतरी असणार. त्यातल्या एकाने जरी विचारलं, बाई, नमुना कुजका होता का, की संपलं. एक आकडा खोटा निघाला की बाकीचे पस्तीस कोण खरे मानणार? आणि मॅडमच्या हातचा एकही आकडा खोटा नव्हता. खोटा माझा होता. मला रोज वाटे, आज सांगू. रोज मी त्यांच्या टेबलापर्यंत जाई आणि खडू मागून परत येई. माझ्या कपाटात त्या महिन्यात चाळीसेक खडू जमले.

शेवटी सांगितलं ते काही शूरपणाने नव्हे. चर्चासत्राला चार दिवस होते. मॅडम आलेख शाईने पक्का करायला बसल्या. भाद्रपदाच्या ठिपक्यापाशी पेन टेकणार, तेवढ्यात माझ्या तोंडून निघालं, "मॅडम, तो ठिपका नका काढू." आणि मग कुपी, भोंगा, पाहुणे, सगळं एका दमात. सोमलाभाऊंचं नाव मी घेतलं ते मुद्दाम, हेही.

मला वाटलं त्या ओरडतील. पेनाचं टोपण लावून त्यांनी विचारलं, "किती वाजता घातलंस? सोमवारी."

"साडेसात."

"म्हणजे अडतीस तास." त्यांनी ते कागदाच्या कोपऱ्यात लिहिलं. मग खुर्चीला पाठ टेकून बसल्या, डोळे मिटून. मला त्यांचा सुटकेचा श्वास ऐकू आला, आणि तो ऐकून मला जास्त रडू आलं. तळ्याला काही झालेलं नव्हतं. महिनाभर त्या त्याच धास्तीत होत्या, आणि मी माझ्या. डोळे उघडून म्हणाल्या, "वहीत मी लिहिते. आधी तू जाऊन सोमलाभाऊंना सांग. एकटी."

मी गेले. सोमलाभाऊ कापसात होते. बांधावर उभी राहून मी त्यांना सगळं सांगितलं, सायक्लॉप्ससकट. त्यांनी हातातली बोंडं कमरेच्या ओट्यात टाकली.

"म्हंजी बाटलीत त्यायनी एकमेकायला खाल्लं."

"हो."

"आन नाव घेतलं ते मपलं, सोमलाचं."

मी मान खाली घातली. त्यांनी ओट्यातला कापूस बांधावर रिकामा केला. मग तळ्याकडे चालू लागले, मी मागोमाग. ट्यूब पाण्यात ढकलली आणि म्हणाले, "बसा. आलाच हायसा तं पानी घेऊन जा." त्या दिवसापासून पुढे किती वर्षं, मी काठाला लागले की त्यांचा ठरलेला प्रश्न असे, तांड्यातल्या चार बायका ऐकतील एवढ्या आवाजात: "धाकल्या बाई, दवा टाकली का?" मी चपलांकडे हात न नेता कुपी वर करून दाखवी. बायका हसत. हसू द्यायचं असतं, तेवढी माझी सजा होती आणि ती स्वस्त होती.

मॅडमनी मग एक गंमत केली. मी आणलेल्या त्या पाण्याच्या दोन बाटल्या केल्या. एकीत लगेच फॉर्मलिन, दुसरीत अडतीस तासांनी. दोन्ही मोजल्या, आणि दुसरीत रोटिफर जवळजवळ संपलेले निघाले, अगदी तसेच. चर्चासत्रात त्यांच्या आलेखाची रेघ भाद्रपदाशी तुटलेली होती. मी मागच्या रांगेत बसले होते. एका गृहस्थांनी विचारलंच, हा महिना कुठे गेला. मॅडम म्हणाल्या, नमुना आमच्याकडून खराब झाला, तो धरलेला नाही. कसा खराब होतो ते पुढच्या तक्त्यात आहे. ‘आमच्याकडून.’ गृहस्थ तक्त्याकडे बघत बसले आणि मग त्यांनी तो उतरवून घेतला. परत आल्यावर मी वही उघडून पाहिली. भाद्रपदाच्या आकड्यांवर एक आडवी रेघ, खालचे आकडे वाचता येतील अशी, आणि शेऱ्यात, ‘फॉर्मलिन अडतीस तास उशिरा. एकटीला पाठवण्याची घाई मी केली.’

दोन हजारनंतर काही वर्षांनी मॅडम निवृत्त होऊन कुरुंद्याला भावाकडे राहायला गेल्या आणि वही माझ्याकडे आली. दुसरा शनिवार मी सांभाळत राहिले. एका उन्हाळ्यात मात्र चुकला. माझी लेक बाळंतपणाला आली होती, दवाखान्यात तिचं अडलं होतं, आणि त्या दिवशी माझ्या डोळ्यांपुढे तळं नव्हतंच. नंतर वही उघडली तेव्हा ती ओळ कोरी. खरं सांगते, तो आकडा मी डोळे मिटून लिहू शकले असते. इतक्या वर्षांत तळं मला पाठ झालं होतं, आणि आता दोनदा बघणारंही कुणी नव्हतं. मी पेन उघडलं. मग पायांकडे लक्ष गेलं, घरातच होते म्हणून अनवाणी, पण बाभळीखालचा नेम आठवला. पेन मिटलं. ओळ तशीच सोडली.

महिन्याभराने वही घेऊन कुरुंद्याला गेले. मॅडमना अर्धांगाचा झटका येऊन गेला होता. उजवा हात गेला होता, बोलणं एकेका शब्दावर आलं होतं. अंगणात हळद वाळत होती, तिथे त्यांना खुर्चीत बसवलं होतं. मी वही त्यांच्या मांडीवर ठेवली. मॅडम डाव्या हाताचं बोट रकान्यातून खाली खाली नेत राहिल्या, कोऱ्या ओळीवर थांबल्या आणि माझ्याकडे बघितलं. पंचेचाळिशी ओलांडलेली मी, तरी पदर सावरून उभी राहिले.

"काहून?"

"गेले नाही, मॅडम. नात झाली."

त्यांचं बोट हळूहळू सरकत शेवटच्या रकान्यापर्यंत गेलं. "लिही."

मी लिहिलं, ‘नमुना घेतला नाही. नात झाली.’ त्यांनी ते वाचलं. पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचून झाल्यावर तोंडाच्या एका कोपऱ्यातून म्हणाल्या, "वजन?"

"अडीच किलो."

"तेही."

मॅडम त्याच वर्षी हिवाळ्यात गेल्या. त्यानंतरचा दुसरा शनिवार आला तेव्हा सोमलाभाऊ, आता थकलेले, स्वतः काठावर येऊन उभे होते. त्यांनी मला मधोमध नेलं, आणलं. बाभळीखाली बसून मी तिन्ही बाटल्यांत फॉर्मलिन घातलं. डोळ्यांत पाणी आलं ते औषधाचं म्हणून खपून गेलं. त्या दिवशी त्यांनी दवा टाकली का म्हणून विचारलं नाही, तेव्हा मीच कुपी वर करून दाखवली. मग वही उघडून शेवटच्या रकान्यात लिहिलं, ‘मॅडम गेल्या. वारा नव्हता. नमुना वेळेवर.’

आणि चपला घातल्या.